पुरासाठी दोन सूर

डोहेगाव,
१२ मार्च १९४४

ती. अक्का,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सकाळी सायकलीने सांगलीला जातो, दिवसभर पेटीच्या दुकानात सूर लावत बसतो, दिवेलागणीच्या आत घरी येतो. येताना ओढ्याच्या उतारावर रोज पाय थांबतात. गेल्या पावसाळ्यातल्या पुरात रंगूआत्या त्याच उतारावर गेली.

तुला रहिमतपूरहून यायला तिसरा दिवस उजाडला होता आणि तेव्हा कुणी धड बोलण्याच्या स्थितीत नव्हतं. म्हणून आज नीट सांगतो. पूर आपल्या वस्तीवर समोरून येतच नाही. कृष्णेचा काठ उंच. गोठ्यातून नदी दिसते आणि माणसाला वाटतं, अजून लांब आहे. पाणी येतं मागून. नदी चढली की ओढा उलटा वाहू लागतो, आणि वस्तीहून गावात जायची एकुलती वाट गुपचूप बुडते. त्या दिवशी भर दुपारी बुडाली. आत्या गोठ्यात शेंगा फोडत होती. वस्तीवरची बाकीची माणसं पोहून निघाली, आत्यासकट चौघं बुडाली.

आता खरं सांगायचं ते. ओढ्याच्या काठाला लालासाहेब पाटलांची हळदीची दोन रिकामी पेवं आहेत. जमिनीत सुरईसारखी खोल, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. तोंडावर दगड. अर्जुना धनगर मला सांगत होता, त्या दिवशी पाणी यायच्या आधी एका पेवाचा दगड आवाज करत होता. "हुंबरत हुता गड्या. मला वाटलं, आत मांजार अडाकलंय." मी जाऊन पाहिलं. तळाशी खेकड्यानं बीळ पाडलंय, ते ओढ्यात निघतं. तिथून पाणी आत शिरलं, आतला वारा कोंडला आणि दगडाच्या फटीतून बाहेर पडू लागला.

पेटीचा भाता याहून वेगळं काय करतो? फटीऐवजी तिथं पितळी सूर, म्हणजे पेटीतली वाऱ्यानं थरथरून वाजणारी पट्टी, बसवला तर पेव स्वतः ओरडून सांगेल की ओढा उलटलाय.

दाजींच्या ओव्हरसियरकीच्या वह्या तुझ्याकडे आहेत. पाणी किती चढलं की किती वारा निघेल, एवढं गणित करून दे. मला नुसता कान आहे, आकडे नाहीत.

तुझा
कृष्णात

*

रहिमतपूर,
२ एप्रिल १९४४

चि. कृष्णात,

परीक्षांचे पेपर बाजूला ठेवून तुझं गणित केलं. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, मी मुलींचे गुण मोजते आहे.

पेवाचं पोट अंदाजाने आठ हात रुंद धरलं. पाणी तासाला वीतभर जरी चढलं, तरी पायपेटीचा मोठा सूर वाजत राहील इतका वारा निघतो. मी तीनदा करून पाहिलं. तुझं म्हणणं खरं आहे.

पण एक सूर पुरायचा नाही. पहिल्या आवाजाला माणसं गोंधळतील, दुसऱ्या वेळी सरावतील, तिसऱ्या वेळी जेवत बसतील. पेवं दोन आहेत ना? पहिल्याला ओढ्याच्या तळातून खापरी नळ जोड, दुसऱ्याला वाटेच्या जरा खालून. पहिला वाजला की गुरं काढायची, दुसरा वाजला की माणसांनी एक क्षणही थांबायचं नाही. आवाज शंखासारखा किंवा शिंगासारखा नको. लोक देवळाकडे वळतील.

आणि पेवातून वारा झिरपता कामा नये. यांच्या वहीत गिलावा दिला आहे: पिवळी माती, शेण आणि बारीक भुसा, तीन थर. भिंतींना तो घाल, वर दगड बसवून कडा चिखलाने बंद कर.

हे सगळं आत्यासाठी करतो आहेस हे मला कळतं. तिनेच आपल्याला वाढवलं. पण दुकान बुडवू नकोस, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी अक्का
विजयमाला

*

डोहेगाव,
२१ एप्रिल १९४४

ती. अक्का,

वाजलं!

लालासाहेबांनी आधी हसून घेतलं, मग पेवं दिली. म्हणाले, "रिकामीच हायती. काय वाजवायचं ते वाजवा." लढाईमुळे जर्मन सूर येत नाहीत, म्हणून दुकानाच्या मालकांकडून मोडक्या पायपेटीतले खर्जाचे दोन मागून घेतले. कर्णा कशाचा करायचा हा घोर होता. पत्रा मिळत नाही, तांबं तर बघायला नाही. मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या आळीत गेलो. तिथं एका म्हाताऱ्या कारागिरानं चिरलेले दोन भोपळे दिले, सतारीला न चालणारे. चीर लाखेनं बुजवली, देठाकडून कापून सुरावर बसवले. तो म्हणाला, "भोपळा आवाज विसरत नाही, फक्त त्याला पावसात झाकून ठेव." वर ताडपत्रीची छपरी केली आहे.

अर्जुनाशिवाय यातलं काही झालं नसतं. नळाचा चर त्याने खणला, आत उतरून नळाचं तोंड त्याने बसवलं. दिवसभर मेंढरं बायकोकडे, तानुबाईकडे सोपवून माझ्याबरोबर. त्याची मजुरी द्यायला गेलो तर म्हणाला, "माझी बी खोपाट हितंच हाय की."

परवा त्यानं आणि त्याच्या भावानं, दादासोनं मिळून लालासाहेबांच्या विहिरीची मोट दोन तास नळात सोडली. पहिल्यांदा नुसती फुसफुस. मग भोपळ्यातून असा सूर निघाला की बांधावरचे बगळे उडाले. तानुबाई धावत आली. "कोण रडतंय?"

आता एक गंमत. आयुष्यभर मी दोन सुरांमधली लहर मोडत आलो. दोन सूर जवळजवळ असले आणि जुळले नाहीत की हवेत कंप उठतो, कानाला टोचतो, गवई पेटी परत पाठवतो. इथं मी दुसरा सूर मुद्दाम पहिल्याच्या किंचित वर घासला आहे. दोन्ही एकदम वाजले की माणसाला जागेवर बसवणार नाही. दादासो म्हणाला, "दाडंत खडा आल्यावानी वाटतंय." तेच हवं होतं.

तुझा गिलावा या आठवड्यात घालतो. मृगाच्या आत सगळं बंद.

कृष्णात

*

डोहेगाव,
२९ मे १९४४

ती. अक्का,

अर्जुना गेला. सापाचं पान लागलं. वैद्य येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

काम बंद केलं आहे. तू येऊ नकोस, उन्हाचं.

कृष्णात

*

रहिमतपूर,
८ जून १९४४

चि. कृष्णात,

तुझं चार ओळींचं पत्र हातात घेऊन बसले आहे. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तुझ्या पत्रांतून तो माझ्या ओळखीचा झाला होता. तानुबाईला माझ्या वतीने भेट. बिचारीपाशी बोलायला शब्द नसतील तर नुसता बस.

एक मात्र सांगते. सापाचा आणि तुझ्या पेवाचा काही संबंध नाही. मेमध्ये जमीन तापते, साप बाहेर येतात, कुणाच्याही बांधावर हे झालं असतं. तू स्वतःला दोष लावून काम अर्धं टाकू नकोस. अर्जुनाने जे खणलं ते पुरं करणं हेच त्याच्यासाठी करता येईल. पाऊस तोंडावर आला आहे. पेवांची तोंडं बंद केलीस ना?

कुठे चावला, बांधावर की मेंढरांत, तू लिहिलं नाहीस. लिही.

अक्का

*

रहिमतपूर,
२० ऑगस्ट १९४४

चि. कृष्णात,

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. यंदा नदीला फार पाणी नाही असं ऐकते, म्हणजे तू सुरक्षित आहेस. मग लिहीत का नाहीस?

सांगलीच्या दुकानाच्या पत्त्यावरही विचारलं. मालकांनी कळवलं, तू वेळेवर येतोस, पण तुझ्या हाताखालच्या पेट्या आता लागत नाहीत, दुसऱ्याला पुन्हा लावाव्या लागतात. हे वाचून मला झोप नाही.

तू काहीतरी लपवतो आहेस. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. लहानपणी खोटं बोललास की तू असाच गप्प व्हायचास.

अक्का

*

डोहेगाव,
३ सप्टेंबर १९४४

ती. अक्का,

साप नव्हता.

गिलावा घालून पेव पंधरा दिवस बंद ठेवलं होतं. मग शंका आली की गिलाव्याचा चिखल ओघळून नळाच्या आतल्या तोंडावर बसला असेल. अर्जुनाला म्हटलं, उतरून तेवढं साफ कर. सकाळची वेळ. दगड बाजूला केला, एक पान खाईपर्यंत थांबलो. अर्जुना म्हणाला, "कंदील सोडूया आदी."

पेवात उतरायच्या आधी पेटता कंदील सोडतात आणि तो विझला तर उतरत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण कंदिलात रॉकेल नव्हतं. त्या महिन्याचं रेशन आलं नव्हतं. गावात कुणाकडे तरी मागून आणायला अर्धा तास गेला असता आणि मला दुकान गाठायचं होतं. मी म्हटलं, "मागं उतरला होतासच की. काय झालं तेव्हा?"

तो दोर धरून उतरला. मधे एकदा "गरम हाय लय" म्हणाला. मग दोर सैल पडला.

मी ओरडलो. दोर ओढला, नुसताच वर आला. मग मीच उतरू लागलो. अर्ध्यावर डोकं गरगरलं, हातपाय कापसाचे झाले आणि मी वर आलो. अक्का, मी वर आलो. पाटलांच्या गड्यांनी मोटेचा गळ टाकून त्याला काढला तोवर दुपार झाली होती. ओठ निळे पडले होते.

तानुबाई पळत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "काय झालं वो दादा?" मी त्या निळ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणालो, पान लागलं. कुणी मला शिकवलं नाही. लालासाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेही गप्प राहिले. पेव माणूस खातं असं झालं तर त्यांच्या बाकीच्या पेवांत हळद कोण ठेवणार? सगळ्या गावानं मानलं. दादासो दोन दिवस काठी घेऊन बांधावर साप शोधत फिरत होता.

तू लिहिलंस, सापाचा आणि पेवाचा संबंध नाही. ते वाचल्यावर उत्तर लिहायला हात उचलेना.

कृष्णात

*

रहिमतपूर,
९ सप्टेंबर १९४४

चि. कृष्णात,

तुझं पत्र शाळेत आलं. वाचून मी घरी गेले आणि यांची वही काढली.

गिलाव्याच्या खाली, त्याच पानावर, यांच्या हातची आणखी एक ओळ आहे: "शेणाचा गिलावा कुजताना आतील हवा खराब होते. महिनाभर तोंड उघडे ठेवावे. तोवर मनुष्यास उतरू देऊ नये."

मी ही ओळ एप्रिलमध्ये वाचली होती. कागद भरत आला होता. पावसाच्या आत काम पुरं व्हायला हवं, एक महिना उघडं ठेव म्हटलं तर वेळ जाईल, असं माझ्या मनात आलं. वाटलं, कोण कशाला उतरेल? आणि मी ती लिहिली नाही.

तू कंदील सोडला नाहीस. मी ओळ सोडली. दोन्ही मिळून ते झालं. हे मी तुझं ओझं हलकं करण्यासाठी लिहीत नाही. वर्गात चूक केलेल्या मुलीला मी उभी करते, म्हणून लिहिते.

आता तानुबाईकडे जा. दादासोकडे नंतर, तिच्याकडे आधी. तिचा नवरा सापाने नेला असं समजून ती बांधावर चालायला भीत असेल. तिला खरं सांग. माझ्या ओळीबद्दलही सांग, माझ्या नावानिशी. तिने शिव्या दिल्या तर ऐक. तिने पोलिसांत जायचं म्हटलं तर तिच्याबरोबर चालत जा.

अक्का

*

डोहेगाव,
१२ नोव्हेंबर १९४४

ती. अक्का,

जायला मला दिवाळी उलटली. रोज निघायचो, ओढ्यापासून परत यायचो.

तानुबाई खोपटाच्या दारात लोकर पिंजत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तुझ्या ओळीसकट. ती पिंजत राहिली. मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही. मग हात थांबवून तिनं एकच विचारलं,

"त्येनं कंदील मागितला हुता?"

"व्हय."

"मग त्येला ठावं हुतं."

"व्हय."

"ठावं असून उतरला. तुमी म्हणला म्हणून."

ती पुन्हा पिंजायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "जावा आता."

दुसऱ्या दिवशी खोपटाला कडी होती. मेंढरं घेऊन म्हसवडकडे भावाच्या गावी गेली म्हणतात. दादासोला काही कळलेलं नाही, ती त्याला न सांगताच गेली. मीही त्याला सांगितलं नाही. तू म्हणशील, पुन्हा भ्यालास. व्हय, भ्यालो. पण तिच्याआधी मी सगळ्यांना सांगत सुटलो तर सांगायचं की नाही हे तिच्या हातून काढून घेतल्यासारखं होईल, असंही वाटलं. यातलं खरं कारण कोणतं, मला सांगता येत नाही.

परवा पोलीस येऊन गेले. भोपळ्यांवर बोट ठेवून विचारत होते, ही इशाऱ्याची तुतारी कुणासाठी? भूमिगतांसाठी? लालासाहेबांनी समजूत घालून पाठवलं. मला क्षणभर वाटलं, फोडून टाकतील तर बरं होईल.

कृष्णात

*

डोहेगाव,
१९ मे १९४५

ती. अक्का,

तानुबाई परत आली.

गेल्या गुरुवारी मी सायकलीवरून उतरलो तर ती पेवापाशी काठी टेकून उभी. सहा महिन्यांत वाळली आहे. मला म्हणाली, "उगडा."

मी दगड सरकवला. ती लांबूनच वाकून बघत राहिली. एक खडा आत टाकला, पडल्याचा आवाज ऐकला. मग पेवाभोवती एक फेरी मारली आणि ओढ्याच्या दरडीवरून खाली उतरून मला हाक मारली.

"दादा, कोल्ह्याच्या बिळाला दोन तोंडं असत्यात. एक जायाला, एक वाऱ्याला. तुमच्या बिळाला एकच."

ती दरडीला काठी लावून दाखवू लागली.

"हितनं आडवं खणा. दरडीतनं पेवाच्या बुडापातूर. वारा आरपार जाऊ द्या. चिखल काढायचा त्यो हितनं, बांबूला खोरं बांदून. माणूस उतरायचा न्हाई. पावसाच्या आदी फळी लावून लिंपा." मग काठी आपटून म्हणाली, "तसं जमत न्हाई म्हणत असला तर आत्ताच मातीनं भरून टाका. मी उभी ऱ्हाते."

अक्का, तुझ्या वह्यांत आणि माझ्या कानात हे का आलं नाही? आपण दोघांनी मिळून वाऱ्याचा हिशोब केला, आत उतरणाऱ्या माणसाच्या श्वासाचा केला नाही. तिनं म्हसवडला बसून सहा महिने तेवढंच केलं असावं.

तीन दिवसांत दोन्ही पेवांना आडवं तोंड पाडलं. खणताना मी एकटा होतो. ती बांधावर बसून होती. पाणी दिलं नाही, हललीही नाही. काम झाल्यावर वाकून आरपार उजेड दिसतो का पाहिलं आणि मेंढरांकडे निघून गेली. फळ्या सागवानी घातल्या, कडा लाखेनं आणि मातीनं भरल्या. या वेळी शेण नाही.

मी विचारलं, दादासोला सांगू का? म्हणाली, "मी सांगीन तवा."

कृष्णात

*

रहिमतपूर,
१० ऑगस्ट १९४५

चि. कृष्णात,

इथे चार दिवस सूर्य दिसलेला नाही. आज शाळा सोडून दिली. माहुलीकडून आलेला गाडीवान सांगत होता, कृष्णा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आहे. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. पाणी त्याच्या आधी पोचेल. नदीच्या वरच्या अंगाला बसून सगळं दिसत असूनही मला तुला वेळेवर कळवता येत नाही. म्हणून तर तू ते केलंस.

पोचलं की दोन शब्द लिही, कसेही.

अक्का

*

डोहेगाव,
२६ ऑगस्ट १९४५

ती. अक्का,

आम्ही सगळे आहोत. आधी ते लिहितो, मग बाकीचं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला पहिला सूर लागला. पाऊस मोठा होता, मी गावातल्या घरी होतो, तरी ऐकू आला. मोटेच्या वेळी वाजला होता त्याहून खोल. नदी अजून काठाच्या कितीतरी खाली होती. लोक नदीकडे बघत होते आणि आवाज पाठीमागून येत होता. मी पळत ओढ्यावर गेलो. तानुबाईची मेंढरं तोवर अर्धी वाट चढून आली होती. ती प्रत्येक खोपटात जाऊन ओरडत होती, "निगा! ऐकू येत न्हाई का? निगा!"

बायका निघाल्या, म्हातारी माणसं निघाली. काही पुरुष मात्र थांबले. तूच ठरवलं होतंस ना, पहिल्या सुराला गुरं, दुसऱ्याला माणसं. ते दुसऱ्याची वाट बघत बसले. दादासो म्हशी सोडायच्या सोडून छपराचे बांबू काढत होता. म्हणाला, "अजून दुसरा वाजला न्हाई. वेळ हाय."

दुसरा वाजलाच नाही. पाणी वाटेवर गुडघाभर चढलं तरी तो भोपळा मुका. मी ओरडून सांगत होतो, पण माझ्यापेक्षा त्यांचा त्या सुरावर विश्वास. शेवटी तानुबाई पाण्यातून उलटी वस्तीत गेली आणि दिराला दंडाला धरून ओढत आणलं. सगळी माणसं वाचली. दादासोच्या दोन म्हशी दावणीलाच गेल्या.

पाणी सहाव्या दिवशी उतरलं. सातव्या दिवशी सकाळी अख्खं गाव पेवांपाशी जमलं. हळदकुंकू, नारळ, कुणी हार आणला होता. पहिला भोपळा पाण्यात राहूनही टिकला, म्हणून लोकांना त्यात देव दिसू लागला. एक म्हातारी म्हणाली, "अर्जुनाच बोलत हुता. नागानं नेलं न् हितं बशिवलं त्येला." लोक हात जोडू लागले. लालासाहेबांनी नारळ पुढे केला, मला म्हणाले, "कृष्णात, पहिला मान तुझा."

तानुबाई गर्दीत समोर उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता सांगा."

मी नारळ खाली ठेवला आणि सांगितलं. साप नव्हता. कंदील नव्हता. अर्जुनानं मागितला होता, मी घाई केली. मी अर्ध्यावरून परत आलो. मी खोटं बोललो. तुझी ओळही सांगितली, तू म्हणाली होतीस तशी, नावानिशी. म्हातारीनं हातातलं कुंकू कनवटीला परत बांधलं.

दादासो पुढे आला आणि त्यानं माझ्या कानफटात दिली. मग दुसरी. तोंडात रक्त आलं. कुणी मधे पडलं नाही. मीही हात वर केला नाही. लालासाहेब म्हणाले, "झालं गेलं, दादासो, माणसं वाचली न्हवं का?" तर तानुबाई त्यांच्यावर उलटली. "लालासाब, तुमी गप बसा. तुमाला बी ठावं हुतं." लालासाहेब खाली बघत घरी गेले.

तिसऱ्यांदा हात उचलल्यावर तिनं दिराला "बास" म्हटलं. तो थांबला. लोक एकेक करून पांगले, कुणी नारळ फोडला नाही. दादासो पेवाच्या कडेला चिखलात तसाच बसून राहिला. मीही गेलो नाही.

मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "दुसरा का गप बसला?"

मी म्हटलं, "कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलंय. मृगानंतर मी बघितलं न्हाई."

"कवा काढायचं?"

"माती सुकली की. पेवातला चिखल बी काढूया, भायरनं, बांबूनं."

"मी येतो," तो म्हणाला. "पर तू माझ्याशी बोलू नगंस."

काल आला. फळी काढून आत वारा खेळू दिला, पेटता कंदील दोरानं सोडला, तो तळाला जाऊनही जळत राहिला. मग बांबूला खोरं बांधून त्यानं चिखल ओढला, मी भोपळा उतरवून सूर मोकळा केला. दुपारपर्यंत काम चाललं. तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

कृष्णात